ट्रॅक्टर-ट्रॉलीचा जोड आणि भाराची वाटणी

ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली जोडून ऊस, खत, वैरण, दगडमाती अथवा बाजाराचा माल वाहणे ही महाराष्ट्रातील बहुतेक गावांत आता नित्याची गोष्ट झाली आहे. ट्रॉलीत किती माल भरावा याची चर्चा शेतकऱ्यांमध्ये नेहमी होते. परंतु तो माल ट्रॉलीच्या कोणत्या भागात ठेवावा आणि ट्रॉली ट्रॅक्टरला कोठे व किती उंचीवर जोडावी, याचा विचार क्वचितच केला जातो. वस्तुतः चालकाच्या जिवाच्या दृष्टीने हाच विचार अधिक महत्त्वाचा होय. वजन तेच, ट्रॅक्टर तोच आणि रस्ताही तोच असता केवळ भाराच्या वाटणीत फरक पडल्यामुळे ट्रॅक्टरची पुढील चाके जमिनीवर घट्ट बसतात किंवा अधांतरी होतात.

बैलगाडी हाकणाऱ्यास ही गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. गाडीत पुढच्या बाजूस माल अधिक झाला तर जू बैलांच्या मानेवर दाबते. मागे अधिक झाला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि गळ्याखालील सापत्या आवळून बैल कासावीस होतात. अशा वेळी गाडीवान दोन पोती पुढे ओढतो किंवा स्वतः पुढे सरकून बसतो आणि गाडी समतोल करून घेतो. ट्रॅक्टरच्या बाबतीत नियम तोच आहे. फरक इतकाच की, बैल मान हलवून तक्रार करतो. ट्रॅक्टर ती करीत नाही, आणि करतो तेव्हा बहुधा वेळ निघून गेलेली असते.

जोडावरील भार म्हणजे काय

ट्रॉलीचे दोन प्रकार प्रचारात आहेत. चार चाकांच्या ट्रॉलीचे वजन तिच्या स्वतःच्या दोन आसांवर पेलले जाते. तिची दांडी फक्त ओढण्यापुरती असते व ट्रॅक्टरवर उभा भार जवळजवळ पडत नाही. दोन चाकांच्या ट्रॉलीला मात्र एकच आस असतो. तिचा काही भार या आसावर व उरलेला दांडीच्या टोकाशी, म्हणजे ट्रॅक्टरच्या ड्रॉबारवर, टेकलेला असतो. या दुसऱ्या भागास या लेखात ‘जोडावरील भार’ असे म्हटले आहे.

हा भार किती असेल ते ट्रॉलीच्या एकूण वजनाचा मध्य आसापासून किती पुढे आहे यावर अवलंबून असते. समजा, भरलेल्या ट्रॉलीचे एकूण वजन ५,००० किलोग्रॅम आहे आणि दांडीच्या छिद्रापासून आसापर्यंतचे अंतर ३०० सेंटिमीटर आहे. वजनाचा मध्य आसाच्या ३० सेंटिमीटर पुढे असेल तर ५,००० ला ३० ने गुणून ३०० ने भागावे. जोडावरील भार ५०० किलोग्रॅम येतो. तोच मध्य आसाच्या मागे केवळ १० सेंटिमीटर गेला तर दांडी ट्रॅक्टरवर दाबण्याऐवजी त्याला सुमारे १६७ किलोग्रॅम जोराने वर उचलू लागते. पाच टन मालात दोन वितींहून थोडे कमी अंतर इतका मोठा फरक घडविते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पुढील चाके हलकी का होतात

जोडावर ५०० किलोग्रॅम पडले म्हणजे ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर ५०० किलोग्रॅम वाढले, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. ड्रॉबार हा मागील आसाच्याही मागे असतो. त्यामुळे मागील आस हा टेकू आणि संपूर्ण ट्रॅक्टर ही तरफ बनते. एक टोक खाली दाबले की दुसरे वर उचलले जाते. एखाद्या ट्रॅक्टरच्या दोन आसांमधील अंतर २०० सेंटिमीटर आहे आणि जोड मागील आसाच्या ८० सेंटिमीटर मागे आहे असे धरू. जोडावरील ५०० किलोग्रॅमला ८० ने गुणून २०० ने भागले म्हणजे २०० येतात. इतका भार पुढील चाकांवरून उचलला जातो आणि तो मागील चाकांवर जाऊन पडतो. म्हणजे मागील चाकांवर ५०० नव्हे, ७०० किलोग्रॅम वाढतात.

ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन २,००० किलोग्रॅम असून त्यापैकी ७०० पुढे व १,३०० मागे असतील, तर ट्रॉली जोडताच सपाट जागी व उभ्या स्थितीतच पुढील भार ५०० वर येतो. स्टिअरिंग नीट चालावयाचे तर ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा, म्हणजे या उदाहरणात ४०० किलोग्रॅम, पुढील चाकांवर असावा असा ढोबळ नियम आहे. येथवर धोका नाही. उलट मागील चाकांवर वाढलेला भार उपयोगीच पडतो; चाकांची पकड त्याने वाढते व ओल्या रस्त्यावर ती फिरून घसरत नाहीत. दोन चाकांच्या ट्रॉलीची मातब्बरी ती याचमुळे. म्हणून जोडावरील भार मुळीच नसावा असे म्हणणे चुकीचे होईल. त्याचे प्रमाण राखावयाचे आहे.

ओढीचा परिणाम

ट्रॅक्टर चालू लागला म्हणजे दुसरी एक शक्ती काम करू लागते. मागील चाके जमिनीच्या पातळीवर पुढे रेटा देतात आणि ट्रॉलीचा विरोध मात्र ड्रॉबारच्या उंचीवर मागे ओढत असतो. या दोहोंमध्ये जितकी उंची असेल तितका ट्रॅक्टर पुढून उचलला जाण्याचा कल वाढतो. ओढ किलोग्रॅममध्ये घ्यावी, तिला जोडाच्या जमिनीपासूनच्या उंचीने गुणावे आणि दोन आसांमधील अंतराने भागावे. पुढून कमी होणारा भार मिळतो.

शेतातून ट्रॉली भरून रस्त्यावर काढताना बहुधा एखादी चारी, ओढा अथवा भरावाचा चढ लागतो. हा चढ दहा मीटरला एक मीटर इतका आहे असे समजा. पाच टनांची ट्रॉली चढावर नेण्यास ५०० किलोग्रॅम व कच्च्या वाटेवर चाके लोटण्यास सुमारे २०० मिळून ७०० किलोग्रॅम ओढ लागेल. ड्रॉबार ५० सेंटिमीटर उंचीवर असल्यास पुढील चाकांवरून १७५ किलोग्रॅम कमी होतात. चढामुळे ट्रॅक्टरचे स्वतःचे वजनही मागे झुकते, त्याचे सुमारे ८० धरावेत. उंच भरलेली ट्रॉलीही चढावर मागे झुकत असल्याने जोडावरील भार थोडा घटतो. तो ४०० धरला तर त्याचे १६० होतात. ७०० मधून ही सर्व वजावट केली म्हणजे पुढील चाकांवर अवघे २८५ किलोग्रॅम उरतात. चारशेच्या मर्यादेखाली ते केव्हाच गेले आहेत. अशा स्थितीत स्टिअरिंग फिरविले तरी ट्रॅक्टर वळत नाही, सरळच जातो. त्यातच चालकाने खालच्या गिअरमध्ये क्लच एकदम सोडला, किंवा मागील चाक एखाद्या दगडाला अडले, तर क्षणभर ओढ एकदम वाढते आणि पुढील चाके जमीन सोडू शकतात.

हा सर्व हिशेब ढोबळ आहे. प्रत्येक ट्रॅक्टरची मापे निराळी असतात. तथापि हिशेबाची रीत बदलत नाही.

जोडाची उंची

वरील हिशेबात उंचीचा आकडा सर्वांत अधिक घात करणारा आहे. केवळ ट्रॅक्टर व साखळी यांचा विचार करू. ५० सेंटिमीटर उंचीच्या ड्रॉबारला साखळी लावली असता पुढील ७०० किलोग्रॅम उचलण्यास सपाटीवर २,८०० किलोग्रॅम ओढ लागेल. दोन टनांच्या ट्रॅक्टरची चाके इतकी पकड घेऊच शकत नाहीत. त्यापूर्वीच ती जागच्या जागी फिरू लागतात. म्हणजे खालचा जोड हा एक प्रकारचा रखवालदारच होय. तीच साखळी वर टॉपलिंकच्या खिळ्याला, सुमारे १०० सेंटिमीटर उंचीवर बांधली तर १,४०० किलोग्रॅम ओढीतच पुढील भार शून्य होतो, आणि कोरड्या टणक जमिनीवर इतकी पकड मिळणे शक्य असते. तेथे चाके घसरण्यापूर्वी ट्रॅक्टर उभा राहतो.

रुतलेली ट्रॉली अथवा झाडाचे खोड ओढण्यासाठी टॉपलिंकला किंवा मागील आसाच्या घराला दोरखंड बांधण्याची रीत अनेक ठिकाणी आढळते. वरून ओढल्याने अधिक जोर लागतो असे तिचे समर्थन करण्यात येते. जोर लागत नाही, ट्रॅक्टर उलथतो. पुढील चाके उचलल्यापासून ट्रॅक्टर पाठीवर पडेपर्यंत सुमारे दीड सेकंद जातो, आणि त्याच्या निम्म्या वेळातच क्लच दाबून उपयोग होण्याची वेळ टळून जाते. अनुभवी चालकही यास अपवाद नाही.

ट्रॅक्टरच्या इतिहासात हा दोष फार जुना आहे. अमेरिकेत १९१७ पासून मोठ्या संख्येने तयार होऊ लागलेला फोर्डसन ट्रॅक्टर हलका व स्वस्त होता. परंतु नांगर अडकला की पुढून उठून चालकावर उलथण्याबद्दल तो कुप्रसिद्ध झाला. आयर्लंडमधील हॅरी फर्ग्युसन यांनी नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडण्याची जी पद्धत विकसित केली, तिच्यात वरचा दांडा, म्हणजेच टॉपलिंक, नांगराच्या विरोधाने पुढे रेटला जाऊन ट्रॅक्टरचे तोंड खाली दाबतो. १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरपासून ही पद्धत जगभर पसरली. ज्या टॉपलिंकची योजना रेटा घेण्यासाठी झाली, तिच्याच खिळ्याला साखळी बांधून उलट ओढणे म्हणजे त्या योजनेचा सर्व लाभ उलटा करणे होय.

मागील चाके चिखलात रुतली असता त्यांना लाकडाचा ओंडका बांधून ट्रॅक्टर बाहेर काढण्याचा प्रयत्नही असाच घातक आहे. चाके फिरू शकली नाहीत तर इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचे धडच आसाभोवती फिरवितो. अशा वेळी ट्रॉली सोडावी, चाकांमागील चिखल उकरावा आणि ट्रॅक्टर मागील गिअरमध्ये बाहेर काढावा.

स्प्रिंगच्या दांड्यांचा जोड

जोडावरील भारामुळे पुढील चाके हलकी होण्याचा प्रश्न केवळ शेतीतील नाही. अमेरिकेत मोटारीच्या मागे चाकांवरील लहानसे घर जोडून प्रवासास जाण्याची प्रथा आहे. तेथे या अडचणीवर एक विशेष जोड वापरतात. त्याचे तत्त्व समजून घेण्याजोगे आहे, कारण अशा तऱ्हेची लोखंडी जोडणी ट्रॉलीलाही करावी काय, असा प्रश्न सहज उद्भवतो.

या जोडात गोळ्याच्या दोन्ही बाजूंनी दोन मजबूत स्प्रिंगचे दांडे मागे जातात आणि त्यांची टोके साखळीने घराच्या दांडीला ताणून बांधलेली असतात. ताण दिला की हे दांडे हातगाडीच्या मुठीप्रमाणे काम करतात. हातगाडीची मूठ वर उचलली असता भार पुढच्या चाकाकडे जातो, तसा मोटारीच्या मागील चाकांवरचा काही भार पुढील चाकांकडे व काही घराच्या आसाकडे जातो. समजा, जोडावर ३०० किलोग्रॅम आहेत, मोटारीच्या आसांमधील अंतर ३०० सेंटिमीटर आहे आणि जोड मागील आसाच्या १२० सेंटिमीटर मागे आहे. साध्या जोडाने पुढून १२० किलोग्रॅम कमी होतील आणि मागे ४२० वाढतील. घराचा आस जोडापासून ५०० सेंटिमीटरवर असेल व दांड्यांना असा ताण दिला की पुढचे १२० पूर्ण परत यावेत, तर घराच्या आसावर सुमारे ५८ किलोग्रॅम वाढतात आणि मागील चाकांवरची वाढ ४२० वरून सुमारे २४२ वर येते. एकूण बेरीज तीनशेच राहते. वजन नाहीसे होत नाही, फक्त वाटले जाते. पुढील सर्व भार परत आणण्याइतका ताण देऊ नये, असाही अनेक मोटार-उत्पादकांचा सल्ला असतो. कारण मागील चाके फार हलकी झाली तर वळणावर मोटारीची मागची बाजू बाहेर फेकली जाते.

ट्रॅक्टरला हा जोड उपयोगी नाही. तो सपाट सडकेसाठी आहे. शेतात बांध किंवा चारी ओलांडताना ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्यामध्ये मोठा कोन होतो. तेव्हा ताणलेले दांडे एक तर तुटतील किंवा ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकडच काढून घेतील, आणि पकड तर शेतात सर्वांत अधिक हवी असते. गावच्या लोहाराकडून असे काही जोडकाम करवून घेण्याच्या भरीस शेतकऱ्यांनी पडू नये. ट्रॅक्टरसाठी याहून सोपे उपाय आहेत.

शेतकऱ्याच्या हातातील उपाय

पहिला उपाय माल भरण्याच्या रीतीचा. जड माल आसाच्या आसपास व किंचित पुढे असावा. हलका माल टोकांना. हौद्यात १,००० किलोग्रॅम माल ३० सेंटिमीटर मागे सरकविला तर वर दिलेल्या ट्रॉलीत जोडावरील भार १०० किलोग्रॅमने उतरतो. उसाच्या मोळ्या रचताना त्या पुढच्या फळीच्याही पुढे, दांडीवर झुकतील अशा रचल्या जातात. त्यामुळे जोडावर अकारण भार पडतो आणि चालकाच्या पाठीशी ऊस येतो तो वेगळाच. उंची शक्य तितकी कमी ठेवावी.

दुसरा उपाय पुढील वजनांचा. ट्रॅक्टरच्या नाकावर, पुढील आसाच्या ६० सेंटिमीटर पुढे १०० किलोग्रॅमची वजने टांगली तर तरफेच्या नियमाने पुढील चाकांवर १३० किलोग्रॅम वाढतात व मागून ३० कमी होतात. वाहतुकीच्या हंगामात ही वजने काढून ठेवणे म्हणजे घराची कडी काढून ठेवण्यासारखे आहे. मात्र किती वजने लावावीत व जोडावर जास्तीत जास्त किती भार द्यावा, हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्यापुढे जाऊ नये.

एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर गुंतागुंत वाढते. मागच्या ट्रॉलीचा भार पुढच्या ट्रॉलीच्या शेपटीवर पडतो आणि तिची दांडी वर उचलतो. मागच्या जोडावर ४०० किलोग्रॅम असून तो जोड पहिल्या ट्रॉलीच्या आसामागे १५० सेंटिमीटरवर असेल, तर ट्रॅक्टरवरील भार २०० ने घटतो. ओढ मात्र जवळजवळ दुप्पट झालेली असते. पकड कमी व ओढ अधिक, असा हा दुहेरी तोटा आहे. चढावर ट्रॅक्टर थांबतो तो बहुधा यामुळेच.

उतारावर उलट प्रकार होतो. ब्रेक नसलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते. तिचा रेटा ट्रॅक्टरचे नाक दाबतो व मागील चाके हलकी करू पाहतो, आणि बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक तर मागील चाकांनाच असतात. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, दोन्ही ब्रेकपट्ट्या एकत्र अडकवाव्यात आणि गाडी कधीही न्यूट्रलमध्ये सोडू नये.

काट्यावर करावयाचा प्रयोग

जोडावरील भार डोळ्यांनी दिसत नाही. परंतु तो मोजता येतो. साखर कारखान्याच्या अथवा बाजारसमितीच्या वजनकाट्यावर गावपातळीवरील कार्यकर्त्याने पाच-सात चालकांसमक्ष हा प्रयोग करून दाखवावा. प्रथम ट्रॉली सोडून केवळ ट्रॅक्टरची पुढील चाके काट्याच्या फलाटावर घ्यावीत, मागील चाके बाहेर जमिनीवर असावीत. आकडा लिहून घ्यावा. नंतर भरलेली ट्रॉली जोडून तीच चाके पुन्हा तेथेच उभी करावीत. जागा सपाट असावी. दोन आकड्यांतील फरकास ट्रॅक्टरच्या आसांमधील अंतराने गुणावे व मागील आसापासून जोडापर्यंतच्या अंतराने भागावे. जोडावरील भार मिळतो. फरक २०० आला व अंतरे २०० आणि ८० असली तर भार ५०० किलोग्रॅम होय. दुसरा आकडा ट्रॅक्टरच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या जवळ आला असेल, तर ती ट्रॉली चढावर नेण्यापूर्वी माल मागे सरकविला पाहिजे. दुसरा आकडा पहिल्याहून अधिक आला, तर दांडी वर उचलत आहे असे समजावे आणि माल पुढे घ्यावा.

माल उतरविताना

अनेक अपघात ट्रॅक्टर उभा असताना होतात. हौद्यातील माल पुढून प्रथम उतरविला म्हणजे उरलेले वजन आसाच्या मागे जाते, ट्रॉली उलाळ होते आणि दांडी एकाएकी वर उडते. ट्रॉली सोडलेली असल्यास दांडीवर बसलेला अथवा वाकलेला मनुष्य फेकला जातो. जोडलेली असल्यास ट्रॅक्टरची मागील चाके उचलली जाऊन हातब्रेक निरुपयोगी होतो व उतारावर सर्व जोडी चालू लागते. याकरिता भरताना पुढून भरीत यावे आणि उतरविताना मागून उतरवीत जावे. ट्रॉली सोडून ठेवावयाची असेल तर चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, दांडीखाली जॅक आणि हौद्याच्या मागच्या टोकाखाली मजबूत टेकू द्यावा. जोडाचा खिळा काढण्यापूर्वी दांडी खाली दाबते आहे की वर ओढते आहे, हे पाहावे. खिळा सहज हलत नसेल तर तो हातोड्याने ठोकून काढू नये, प्रथम भार सारखा करून घ्यावा. परत जोडताना खिळ्याला खालून लॉक पिन घातल्याशिवाय ट्रॅक्टर हलवू नये.